उकाडा सोडा, प्युरिफायर बघा
कुणीतरी विचारलंय, जहाजाच्या इंजिनरूमच्या उकाड्यात माणूस टिकतो कसा? अहो, आम्ही सोलापूरकर. मे महिन्यातले ४३ अंश अंगवळणी पडलेत. अक्कलकोट रोडच्या यंत्रमागांमुळे खडखडाटाचीही सवय. खरी परीक्षा प्युरिफायर रूममध्ये, म्हणजे इंधन गरगर फिरवून साफ करणारं यंत्र असतं तिथे. जड इंधन तिथे साधारण ९८ अंशांपर्यंत तापवतात. पातळ झालं की पाणी आणि गाळ वेगळा निघतो, पण शंभरापुढे गेलं तर पाण्याची वाफ होऊन सगळाच घोळ. साफसफाईला बाउल, म्हणजे यंत्रातलं फिरणारं भांडं, उघडताना त्याचं झाकण धरणाऱ्या लॉक रिंगचे आटे उलटे (नवा पोरगा हमखास आवळतच बसतो!). आत डिस्कची, म्हणजे पातळ चकत्यांची चळत, प्रत्येकीवर डांबरासारखा चिकट थर. एकेक घासायची, बाउल खुणा जुळवूनच बसवायचा. तोल जरा चुकला की मशीन थरथरलंच, मग परत उघडा सगळं!