‘आधीचे बरे होते’: असल्या तक्त्यांवर विश्वास ठेवावा का?

शंकासुर
परवा आमच्या थोरल्या मेव्हण्यांनी घरच्या ग्रुपवर एक रंगीत तक्ता टाकला. डावीकडे आजवरच्या राष्ट्रप्रमुखांची नावं, उजवीकडे टक्के. सगळ्यात तळाला सध्या खुर्चीवर असलेला माणूस. खाली मेव्हण्यांची ओळ: ‘बघा, जनतेला कळतं.’ दोन वर्षांपूर्वी त्यांनीच टाकलेल्या तक्त्यात हाच माणूस सगळ्यात वर होता. तेव्हा म्हणाले होते, ‘लोकांना काय कळतंय!’ दोन्ही तक्ते मी फोनमध्ये जपून ठेवलेत.
देश कोणता आणि नेता कोण हे मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा भलतीकडे जाईल. विचारायचं एवढंच की आधीचा माणूस वर आला म्हणजे तो खरंच बरा होता, की आता समोर नाही म्हणून बरा वाटतो?

तिरकस
मेलेल्या म्हशीला मणभर दूध. चला, धागा बंद करा.

जुना_प्रगणक
उघडाच राहू दे हो. मी सहा वर्षं दारोदार फिरून अशा प्रश्नावल्या भरल्यात, हे दूध कसं वाढतं ते जवळून बघितलंय.
एक गृहस्थ आठवतात. दाराच्या कडीवरचा हात शेवटपर्यंत काढला नाही. आमच्या फॉर्मवर पहिले तीन प्रश्न महागाई, नोकऱ्या आणि ‘देश योग्य दिशेने चाललाय का’ असे. तिसऱ्यापर्यंत त्यांचा आवाज चढला होता. चौथा प्रश्न: सध्याच्या नेत्याचं काम पसंत आहे का? आता काय उत्तर येणार! मग मी नावांचं कार्ड पुढे केलं, ‘आजवरचा सगळ्यात चांगला कोण?’ त्यांनी नावांवरून बोट फिरवलं, एका नावावर थांबले आणि एकदम मऊ आवाजात म्हणाले, ‘यांच्या वेळी मी कॉलेजात होतो.’ मी त्या नावापुढे खूण केली. खूण नेत्याला मिळाली, मत त्यांनी स्वतःच्या विशीला दिलं होतं.
दुसऱ्या गठ्ठ्यातल्या फॉर्मवर नेत्याचा प्रश्न आधी आणि महागाई नंतर असायची. कार्डावरच्या नावांचा क्रमही बदललेला. चांगल्या संस्था हे करतात, कारण प्रश्नांचा क्रम उत्तरं हलवतो. तक्त्यात हे काही दिसत नाही.
आता मोठी उदाहरणं. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन फेब्रुवारी १९५२ मध्ये जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलप संस्थेच्या पाहणीत २२ टक्क्यांवर होते. २०२१ मध्ये सी-स्पॅन या अमेरिकी वाहिनीने इतिहासकारांकडून क्रमवारी करून घेतली, त्यात तेच सहावे. लोक म्हणतात, काळाने न्याय दिला. दिलाही असेल, पण पहिल्या वेळी मत सामान्य नागरिकाने दिलं होतं आणि दुसऱ्या वेळी इतिहासाच्या अभ्यासकाने. परीक्षक बदलला की गुण बदलणारच.
धाकटे बुश यांचं आणखी गमतीदार. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर ९० टक्के, २००८ मध्ये २५. मग २०१८ च्या एका पाहणीत ६१! पण आधीच्या दोन्ही वेळी विचारलं होतं ‘काम पसंत आहे का’, आणि २०१८ मध्ये ‘यांच्याविषयी तुमचं मत चांगलं आहे का’. घरी बसून चित्रं काढणाऱ्या म्हाताऱ्या माणसाविषयी वाईट बोलायला जीभ जड होते. तिन्ही आकडे एकाच रेघेवर मांडले की मेव्हण्यांचा तक्ता तयार.

चष्मिष
पण म्हशीची म्हण सगळीकडे लागू नाही. सोव्हिएत संघाचे शेवटचे नेते गोर्बाचेव्ह १९९६ ला रशियाच्या अध्यक्षपदाला उभे राहिले तेव्हा सत्ता सोडून चार वर्षं उलटली होती. मतं पडली अर्धा टक्का. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन २४ टक्क्यांवर राजीनामा देऊन गेले, आणि पुढे ‘आता मागे वळून काय वाटतं’ असं विचारलं तरी ते तळाशीच राहिले. आठवणीत काय उरलंय त्यावर आहे सगळं.
उलट केनेडी १९६० मध्ये जेमतेम निवडून आले, पण त्यांच्या हत्येनंतर ‘मी त्यांनाच मत दिलं होतं’ म्हणणारे प्रत्यक्ष मतदारांपेक्षा कितीतरी जास्त निघाले. लोक खोटं बोलत नव्हते बहुतेक. त्यांना तसंच आठवत होतं.
आणि शब्द बघा. रशियातली लेवादा संस्था लोकांना सर्व काळातल्या उल्लेखनीय व्यक्तींची नावं विचारते. १९८९ मध्ये स्टालिनचं नाव १२ टक्क्यांनी घेतलं, २०१७ मध्ये ३८ टक्क्यांनी. बातम्यांत त्याचं झालं ‘सर्वात लाडका नेता’. उल्लेखनीय म्हणजे लाडका? भूकंपही उल्लेखनीय असतो.

शंकासुर
मूळ पाहणी शोधून काढली. मेव्हण्यांच्या चित्रात तळाची बारीक अक्षरांची ओळ कापलेली होती. (त्यांनी कापली की आधीच्याने, देव जाणे.) दोन वर्षांपूर्वी प्रत्येक नेत्यासाठी वेगळं विचारलं होतं: काम पसंत, नापसंत? या वेळी विचारलंय: आजवरचा सर्वात चांगला कोण, एकच नाव सांगा.

जुना_प्रगणक
मग झालंच की. एकच नाव म्हटलं की ज्यांच्या मते सध्याचा माणूस दुसऱ्या नंबरवर, ते सगळे तक्त्यातून गायब. शंभर जणांपैकी साठ जण त्याच्या कामावर खूश असूनही तो तळाला जाऊ शकतो. आणि आधीचा एकच आणि आत्ताचा एकच अशी थेट जोडी लावली तर निकाल आणखी तिसराच येईल. आम्ही तिन्ही प्रकारचे फॉर्म एकाच आठवड्यात, एकाच इमारतीत भरलेत. वरच्या मजल्यावरचा हिरो खालच्या मजल्यावर पडलेला असायचा.
तुमचे दोन्ही तक्ते खरे असू शकतात. एकमेकांशेजारी ठेवू नका एवढंच. आणि सध्याचा माणूस खरंच घसरलाय का हे बघायचं असेल तर एकाच संस्थेचा, तोच प्रश्न, त्याच शब्दांत, सलग काही महिने बघा.

तिरकस
म्हणजे म्हैस जिवंत आहे?

जुना_प्रगणक
आहे, पण धार काढायच्या वेळी लाथ मारते. गेलेली मारत नाही, एवढाच फरक.

तिरकस
आणि मेव्हणे काय म्हणाले?

शंकासुर
ती कापलेली ओळ ग्रुपवर टाकली. निळ्या खुणा आल्या. नंतर त्यांनी सगळ्यांना शुभ रात्री म्हटलं. दुपारी दोन वाजता.