ज्वारी काढताना सशाची पिल्लं सापडली, तर उचलावीत का?

माळरान्या: दर सुगीला गटावर फोटो येतो. तळहातावर सशाचं पिल्लू, खाली ‘आई नाही, कुणाला पाळायला हवंय का?’ माझं मत, हात लावू नका. रानसशी बीळ करत नाही. पिल्लं उघड्यावरच होतात, अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊन. आई दिवसा मुद्दाम लांब राहते, अंधार पडल्यावर पाजून जाते. तुम्हाला पोरकं वाटतं ते बहुतेकदा पोरकं नसतं. शिवाय 1972 च्या वन्यजीव कायद्याने रानससा पकडणं, पाळणं गुन्हा आहे.

बांधावरचा: कायदा आधी रात्री बॅटरी आणि जाळी घेऊन फिरणाऱ्यांना दाखवा. ज्वारी दिवसात आडवी होते, आडोसा राहत नाही. वर घारी, खाली गावची कुत्री. अंधार पडेपर्यंत पिल्लू टिकेल? आम्ही गेल्या साली उचललं, ड्रॉपरने गाईचं दूध पाजलं.

माळरान्या: जगलं का?

बांधावरचा: नाही. हगवण लागली. पण रानात जगलं असतं याची हमी तुम्ही देता का?

गवतपेंढी: हमी कुणीच देणार नाही, पण गाईच्या दुधाने ते मरणार हे जवळपास ठरलेलं. हौसच असेल तर पाळीव ससा आणा. तो वेगळाच प्राणी, युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज. माणसाळतो. रानससा पिंजऱ्यात घाबरून धडका घेत राहतो.

तिसरा_मजला: पाळीवाचे तरी कुठे लाड होतात? पोराच्या हट्टापायी जोडी आणायची, महिनाभरात पिल्लं, मग पांढरेशुभ्र ससे टेकडीवर ‘मुक्त’ करायचे. कुत्र्यांची मेजवानीच ती! दात जन्मभर वाढतात म्हणून दिवसभर सुकं गवत चघळायला लागतं, हे दुकानदार सांगत नाही. लोक गाजरं चारतात. आणि मे महिन्यात गच्चीवर पिंजरा! माझा विरोध दोन्हीला.

गवतपेंढी: वाईट पाळतात म्हणून कुणीच पाळू नये? आमचा सहा वर्षांचा आहे, उन्हाळाभर फरशीवर पसरलेला असतो.

माळरान्या: मूळ मुद्द्यावर या. पिल्लू दिसलं तर तेवढ्या चार ओळी उभ्या ठेवा, दुसऱ्या दिवशी काढा.

बांधावरचा: हे पटतंय. पण आमच्याकडे काढणी उक्ती असते. टोळी दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला गेलेली असते. त्या चार ओळींसाठी मजूर कुठून आणू?