मदत हवी आहे : पायथन काढलं आणि डेस्कटॉपच गायब (उबुंटू २२.०४)

सावद्याला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. कॉम्प्युटर जुना, ४ जीबी रॅम, त्यावर विंडोजऐवजी उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम. परवापासून डिस्क भरल्याची सूचना येत होती. म्हटलं, नको ते काढून टाकू. प्रोग्रामिंग आपल्याला येत नाही, मग पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा कशाला हवी? टर्मिनलमध्ये (कमांड लिहायची खिडकी) 'सुडो अ‍ॅप्ट रिमूव्ह पायथन३' दिलं. (मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून लिहितोय, कमांड उच्चाराप्रमाणे समजून घ्या.)

पॅकेजांची ही भलीमोठी यादी आली. समोर केळीच्या विम्यासाठी सातबारा घेऊन दोघं उभे. न वाचता वाय दाबलं, एंटर मारलं. काम निम्म्यात असताना लाइट गेली. इन्व्हर्टर आहे, पण पंख्याला.

आता चालू केलं की काळा पडदा आणि 'लॉगिन' एवढंच. आत जाता येतं, पण माउस नाही, खिडक्या नाहीत, वायफाय लागत नाही. पॅकेजं घालणाऱ्या-काढणाऱ्या अ‍ॅप्टची कुठलीही कमांड दिली की 'डीपीकेजी (अ‍ॅप्टच्या हाताखालचा प्रोग्राम) मध्येच थांबलं' म्हणतं. आणि खरी भीती वेगळीच आहे. फायलींची यादी बघायला 'एलएस' दिलं तर इंग्रजी नावांच्या फायली नीट दिसतात, मराठी नावांच्या जागी नुसते चौकोन. तीन वर्षांचे अर्ज आहेत त्यात. ओळखीचा एक जण म्हणतो, फॉरमॅट मार. मारू का?

तापीकाठ : थांबा भाऊ, फॉरमॅट नको! फायली शाबूत आहेत. त्या काळ्या पडद्याच्या फाँटमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत, म्हणून चौकोन दिसतात. अ‍ॅप्ट तुमच्या होम फोल्डरला हात लावत नाही.

उबुंटूच्या डेस्कटॉपचे बरेच भाग पायथनवर उभे आहेत, त्यामुळे ते काढलं की वरचं सगळं निघतं. अ‍ॅप्ट स्वतः मात्र पायथनवर चालत नाही, म्हणून अजून वाट आहे. आधी 'सुडो डीपीकेजी', मग जागा सोडून दोन हायफन आणि त्यांना चिकटून 'कॉन्फिगर', पुन्हा जागा सोडून हायफन 'ए'. लाइट गेली तेव्हा अडकलेलं डीपीकेजी याने मोकळं होतं. मग 'सुडो अ‍ॅप्ट क्लीन', म्हणजे उतरवून ठेवलेल्या जुन्या पॅकेज-फायली जाऊन थोडी जागा होईल.

नेटसाठी मोबाइल केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. आपोआप लागलं नाही तर 'आयपी लिंक' देऊन नवीन आलेलं नाव बघा आणि 'सुडो डीएचक्लायंट' पुढे ते नाव टाका. नेट लागलं की 'सुडो अ‍ॅप्ट अपडेट', मग 'सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल पायथन३ उबुंटू-डेस्कटॉप', शेवटी रीबूट.

तोवर ऑटोरिमूव्हच्या (बेवारस पॅकेजं आपोआप काढणारी कमांड) वाटेला जाऊ नका. डेस्कटॉपचं मुख्य पॅकेज जागेवर नसताना कामाच्या वस्तूही बेवारस ठरू शकतात.

मी (सावदा) : झालं! पासवर्ड टाकताना अक्षर दिसेना, कीबोर्ड गेला असं समजून दहा मिनिटं केबल काढ-घाल केली. नंतर कळलं, तो दिसतच नसतो. डेस्कटॉप आला, मराठी फायली मराठीत दिसल्या, जीव भांड्यात पडला. पण मराठी टायपिंग गेलंय.

तापीकाठ : मुख्य पॅकेज त्याचं त्याचं परत आणतं, तुम्ही वरून घातलेलं नाही. 'व्हार' फोल्डरच्या आत 'लॉग', त्याच्या आत 'अ‍ॅप्ट', त्यात 'हिस्टरी डॉट लॉग' ही फाइल आहे. त्यात त्या दिवसाच्या 'रिमूव्ह' ओळीत गेलेल्या प्रत्येक पॅकेजचं नाव सापडेल.

मी (सावदा) : सापडलं, 'आयबस-एम१७एन'. परत घातलं, लॉगआउट-लॉगिन केल्यावर टायपिंग चालू. ती ओळ पडद्यावर अकरा ओळी भरेल एवढी लांब आहे. ह्याला मी वाय म्हटलं होतं! बरं, जागेचं काय? डिस्क अजून भरलेलीच आहे.

भुसावळ जंक्शन : आधी 'डीएफ हायफन एच' देऊन किती उरलंय ते बघा. आता डेस्कटॉप जागेवर आहे, तर 'सुडो अ‍ॅप्ट ऑटोरिमूव्ह' चालेल, जुने कर्नल (सिस्टिमच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्या) बहुधा त्यातच निघतील. पण पहिल्यांदा त्यात हायफन 'एस' घाला. काय काय जाईल ते नुसतं दाखवतं, काढत काहीच नाही. यादी इथे टाका, मग बघू. आणि भो, तेवढ्या वेळापुरता पंख्याचा इन्व्हर्टर कॉम्प्युटरला लावा.