मदत हवी आहे: अळी पान खात नाहीये, सोमवारी शाळेत न्यायचीय

चिमीची_आई:
लेकीने अळी पाळलीय. परवापर्यंत बकासुरासारखी खात होती, कालपासून पानाला तोंड लावत नाही, नुसती बरणीत फिरतेय. चिमी सारखी विचारतेय, "आई, मेली का गं?" सोमवारी बालवाडीत दाखवायला न्यायचीय. काय खायला घालू? जरा लवकर सांगा.

बागवेडा:
कोणती अळी? कोणत्या झाडावरची? फोटो टाका.

चिमीची_आई:
फोटो चढत नाहीये. हिरवी आहे.

बागवेडा:
ताई, हिरव्या अळ्या ढिगाने असतात. झाड सांगा.

कोकण्या:
केसाळ असेल तर पोरीला हात लावू देऊ नका. आमच्या शेवग्यावर दरवर्षी सुरवंट येतात, अंगावर गांधी उठतात. केस रुतले तर चोळायचं नाही, चिकटपट्टी लावून उपटायचे, मग साबणाने धुवायचं.

चिमीची_आई:
केसाळ नाही हो, गुळगुळीत आहे! कुंडीतल्या कढीपत्त्यावर होती, अजून कुठे असणार? आधी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसायची, मग हिरवी झाली. डिवचली की डोक्यामागून लाल शिंगं काढते, घाण वास येतो.

कुंडीवाले_काका:
कढीपत्त्यावर अळी? लिटरभर पाण्यात ५ मिली निमतेल आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी फवारा. आठवड्यात साफ.

बागवेडा:
काका, त्यांना अळी जगवायचीय!

रानपाखरू:
हे आधीच सांगायचं ना. बहुतेक कॉमन मॉरमॉन फुलपाखराची अळी. एक सांगा, काल पातळ शी केली का तिने?

चिमीची_आई:
हो! सासूबाई म्हणाल्या पोट बिघडलं.

रानपाखरू:
पोट बिघडलं नाही, रिकामं केलं. कोषात जायच्या आधी अळी खाणं सोडते आणि जागा शोधत हिंडते. आता काही भरवू नका. बरणीत एक खरखरीत काडी तिरकी उभी करा, तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधा. शेपटीकडून काडीला चिकटेल, कमरेला रेशमाचा धागा गुंडाळेल. तोवर बरणी हलवू नका. कोष हिरवा किंवा तपकिरी, आजूबाजूला जसं असेल तसा. फुलपाखरू साधारण दहा-पंधरा दिवसांनी, थंडीत उशिरा. मादी निघाली तर नरासारखीच दिसेल असं नाही, काही माद्या कॉमन रोज या विषारी फुलपाखराची नक्कल करतात.

झाडावरच_राहू_द्या:
मुळात बरणीत कोंडायचंच कशाला? कुंडी घरातच आहे, रोज तिथे नेऊन दाखवा.

रानपाखरू:
झाडावर बुलबुल उचलतो, नाहीतर गांधीलमाशी.

झाडावरच_राहू_द्या:
मग तेही बघू दे की पोरीला.

कोकण्या:
साडेचार-पाच वर्षांच्या लेकराला? रात्री तुम्ही झोपवायला येणार का?

फिरस्ता:
आपल्या महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू पण हेच ना?

बागवेडा:
नाही, ते नीलवंत, म्हणजे ब्ल्यू मॉरमॉन. २०१५ साली जाहीर झालं. कढीपत्ता लिंबाच्याच जातीचा, आणि तेही त्याच जातीच्या झाडांवर वाढतं, म्हणून घोळ होतो.

चिमीची_आई:
सगळं वाचलं, थँक्यू. पण सोमवारी काय नेऊ? बाईंना अळीच सांगितलीय.

बागवेडा:
कढीपत्त्याची कोवळी पानं उलटून बघा. पिवळट, मोहरीपेक्षा लहान मणी दिसले तर अंडी. अळीही असेल एखादी. पानासकट डहाळी न्या, टाळं आपोआप लागेल मुलांच्या तोंडाला.

चिमीची_आई:
अंडी मिळाली! आणि ती कोषात गेली. पण काडीवर नाही, झाकणाच्या आतल्या बाजूला. कापड मिळालं नव्हतं म्हणून भोकं पाडलेलं झाकणच लावलं होतं. आता उघडू कसं?

रानपाखरू:
एक दिवस थांबा, कोष टणक होऊ दे. मग झाकण हळूच फिरवून काढा आणि मोठ्या खोक्यात उभं टेकवा. खरवडू नका. बाहेर आल्यावर पंख खाली लोंबवून सुकवायला जागा लागते, अरुंद बरणीत ते चुरगळलेलेच राहतात.

कुंडीवाले_काका:
कढीपत्ता एवढा दाट कसा आला? ताक घालता का?