नाणेघाट : २४ जणांचा गट, वैशाखरेहून चढावे की घाटघरला बस न्यावी?

ऐरोलीकर :
नमस्कार. आमच्या सोसायटीतील २४ जण डिसेंबरमधील एका रविवारी जुन्नरजवळच्या नाणेघाटाला, म्हणजे प्राचीन लेणे असलेल्या जुन्या घाटवाटेला, जाण्याच्या विचारात आहोत. गटात सातवीतली चार मुले आहेत, तशी सत्तरी ओलांडलेली पाच ज्येष्ठ मंडळीही आहेत आणि त्यांतील दोघांची गुडघ्यांची तक्रार जुनी आहे. आमच्यापैकी काहीजण गेल्या ऑगस्टमध्ये गेले होते. तेव्हा धबधबे पाहायला आलेल्यांची एवढी दाटी होती की लेण्याच्या तोंडाशी छायाचित्रे काढून ते परतले आणि शिलालेख पाहायचा राहूनच गेला. कोणत्या बाजूने जावे आणि मुलांना लेण्यात नेमके काय दाखवावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

घाटवाटकरी :
सर्वांनी एकाच वाटेने जावे, हा आग्रह आधी सोडा. मुरबाड, टोकावडे मागे टाकून वैशाखरे गाठले की तिथून चढायला गटाच्या चालीने अडीच-तीन तास लागतात, शेवटचा टप्पा दगडी पायऱ्यांचा आहे आणि दुखरे गुडघे घेऊन ती वाट मुळीच करू नये. चढणाऱ्यांना खाली उतरवून बस माळशेज घाट चढून जुन्नरमार्गे घाटावरच्या घाटघर गावी न्यावी. तिथून पुढे गाडी घाटमाथ्याजवळ पोहोचते. लेण्यासाठी ज्येष्ठांना खिंडीतून थोडेच उतरावे लागेल, मात्र पायऱ्या ओबडधोबड असल्याने काठी हवी. बसला वळसा इतका मोठा पडतो की चढणारे बहुधा आधी पोहोचतील. परतताना सर्वांनी बसनेच यावे, कारण थकल्यावर मुलांचे पाय उतारावरच घसरतात.

लिपीप्रेमी :
वाटेचे सांगून झाले, आता लेण्याचे सांगतो. कल्याण आणि सोपारा या बंदरांतून जुन्नर-पैठणकडे जाणारा माल या खिंडीतून चढत असे, आणि सातवाहन राजघराण्याने आपला मोठा लेख येथेच, ये-जा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोरला. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. राणी नागनिकेचा हा लेख डाव्या-उजव्या भिंतींवर असून त्यात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांचा आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण (त्या काळची नाणी) यांच्या दक्षिणेचा हिशेब आहे. मुलांसाठी खरी मौज या हिशेबातच आहे, कारण हे आकडे शब्दांत नसून चिन्हांत आहेत : शून्य नाही, दहा, शंभर आणि हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. ब्राह्मी अंकांचा तक्ता छापून न्या आणि त्यांना भिंतीवर अंक शोधू द्या.

मागच्या भिंतीवर सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी आदींच्या प्रतिमा होत्या. आज पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावे एवढेच उरले आहे, त्यामुळे तिकडे कोणी वळूनही पाहत नाही. विजेरी समोरून न धरता बाजूने, भिंतीला जवळजवळ टेकवून धरा, म्हणजे अक्षरांच्या खाचांत सावली पडून ती उठून दिसतात. अक्षरे दिसावीत म्हणून त्यांवर पाणी शिंपडणे किंवा खडू फिरवणे हे मात्र कोणालाही करू देऊ नका.

कळव्याची वाचक :
घाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण विसरू नका. जकातीची नाणी त्यात टाकत, असे परंपरेने सांगतात. ते खरे असो वा नसो, मुलांच्या लक्षात तोच राहतो. २४ जणांनी एकदम लेण्यात शिरू नये, कारण मग कोणालाच भिंत दिसत नाही. बारा-बाराचे दोन गट करा आणि एक आत असताना दुसऱ्याला नानाचा अंगठा म्हणतात त्या कड्याकडे न्या. तिथून जीवधन किल्ला आणि वानरलिंगीचा सुळका दिसतो, पण कडा सरळ तुटलेला असल्याने मुलांना काठापासून दूरच ठेवावे.

ऐरोलीकर :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. चौदा जण वैशाखरेहून चढतील, ज्येष्ठांसह दहा जण बसने येतील. तक्त्याच्या प्रती मुलेच काढत आहेत. रविवारऐवजी शनिवारी जाण्याचे आज ठरले, कारण या वेळी भिंत निवांत पाहायची आहे.