ऑस्ट्रियाचा हुकूमनामा माल्टात कसा बजावायचा?

प्रश्न

माझा चुलत भाऊ व्हिएन्नात राहतो. माल्टातील एका कंपनीच्या ऑनलाइन कॅसिनोत तो मोठी रक्कम हरला. कंपनीकडे माल्टाचा परवाना आहे, ऑस्ट्रियाचा नाही. म्हणून तेथील न्यायालयाने करार रद्दबातल ठरवून ती रक्कम व्याजासह परत करण्याचा आदेश दिला. निकाल अंतिम असूनही कंपनी पैसे देत नाही आणि माल्टातील नव्या कायद्याकडे बोट दाखवते. युरोपीय संघात एका देशाचा निकाल दुसऱ्या देशात बंधनकारक नसतो का?

उत्तर १

असतो. संघाच्या २०१२ च्या १२१५ क्रमांकाच्या नियमावलीनुसार असा निकाल वेगळी मान्यता न घेता दुसऱ्या सदस्य देशात बजावता येतो आणि तेथील न्यायालयाला मूळ वादाची फेरतपासणी करता येत नाही. मात्र कलम ४५ मध्ये एक अपवाद आहे: निकाल त्या देशाच्या सार्वजनिक धोरणाशी, म्हणजे तेथील कायदाव्यवस्थेच्या मूलभूत तत्त्वांशी, उघडपणे विसंगत असेल, तर मान्यता नाकारता येते. माल्टाने जून २०२३ मध्ये आपल्या गेमिंग (जुगारविषयक) कायद्यात ५६अ हे कलम घालून हाच अपवाद परवानाधारक कंपन्यांसाठी सरसकट खुला केला. माझ्या मते हे चुकीचे आहे. कारण प्रत्येक निकाल स्वतंत्रपणे तपासून क्वचितच वापरायचा हा अपवाद येथे एका संपूर्ण उद्योगाची ढाल झाला आहे, आणि न्यायालयात जिंकलेला माणूस रिकाम्या हाताने परततो. युरोपीय आयोगानेही जून २०२५ मध्ये या कलमावरून माल्टाविरुद्ध नियमभंगाची कार्यवाही सुरू केली.

उत्तर २

माल्टाची बाजूही नोंदवली पाहिजे. सेवा पुरवण्याचे स्वातंत्र्य संघाच्या करारानेच दिलेले असताना ऑस्ट्रियाने ऑनलाइन कॅसिनोची मक्तेदारी एकाच परवानाधारकाकडे ठेवावी, हे माल्टाला मान्य नाही. पण तो वाद ऑस्ट्रियाच्या न्यायालयात मांडण्याचा होता. अंतिम निकालानंतर वसुली अडवून तो सोडवता येत नाही.

उत्तर ३

तुमच्या भावाने दरखास्त (निकालाच्या बजावणीचा अर्ज) माल्टातच दाखल केली पाहिजे असे नाही. कंपनीची खाती इतर देशांतील बँकांत असू शकतात. २०१४ च्या ६५५ क्रमांकाच्या नियमावलीखाली, ज्या देशात निकाल लागला तेथीलच न्यायालयाकडे बँक खाते गोठवण्याचा युरोपीय आदेश मागता येतो. कंपनीला आधी नोटीस जात नाही, त्यामुळे पैसे हलवायला तिला सवड मिळत नाही. निकाल आधीच हाती असल्याने तारण भरणे सक्तीचे नसते; न्यायालयाला आवश्यक वाटले, तरच ते मागते. खाते कोठे आहे हे ठाऊक नसेल, पण एखाद्या विशिष्ट देशात ते असावे असे मानायला सबळ कारण असेल, तर त्या देशाच्या यंत्रणेकडून माहिती मिळवण्याची विनंती त्याच अर्जात करता येते. ही नियमावली डेन्मार्कला लागू नाही. आदेशाने रक्कम फक्त गोठते. प्रत्यक्ष वसुलीसाठी खाते असलेल्या देशात जप्तीची कार्यवाही करावी लागते. ऑस्ट्रियात निकालाने ठरलेली रक्कम वसूल करण्याची मुदत ३० वर्षांची असते, म्हणून कंपनीच्या किरकोळ तडजोडीला घाईने होकार देऊ नये.