'रिबा'ला व्याज म्हणायचं का? आणि समष्टी की स्थूल?

अनुवादू (इंदूर): इस्लामिक मॅक्रोइकॉनॉमिक्सच्या नोट्स मराठीत करून राहिलोय. मी समष्टी अर्थशास्त्र लिहिलं, पुण्याच्या तपासनीस बाईंनी खोडून 'स्थूल' केलं. आणि हे वाक्य अडलंय: इस्लाममध्ये रिबा वर्ज्य म्हणून व्याजदर वरखाली करून पैसा आवरता येत नाही, ते काम नफ्याच्या वाट्यावर येतं. रिबा म्हणजे सरळ व्याजच लिहू ना?

छप्पनवाला: भिया, समष्टी तुझ्या हिंदी कॉलेजातून आलाय. महाराष्ट्रात स्थूल, आमच्या बाबांच्या वेळी समग्रलक्षी होतं.

मीनाताई_रामबाग: समष्टी काय हिंदीवाल्यांची जहागीर आहे का? वेदांतात व्यष्टी-समष्टी आहेच की.

शुद्धमराठी: व्याज नसलेली ती 'निर्व्याज अर्थव्यवस्था' म्हणा. सुटसुटीत.

मीनाताई_रामबाग: निर्व्याज म्हणजे निष्कपट हो! व्याज म्हणजे मुळात ढोंग, बहाणा, व्याजस्तुती शाळेत झाली नव्हती का? निष्कपट बँक कुठे असली तर मलाही खातं उघडायचंय 😄

देवासकर: आमच्या पणजोबांची वाढीदिढी चालायची, पेरणीला मणभर गहू द्यायचा आणि सुगीला दीड मण घ्यायचा. रिबाचा अरबी धातूही वाढण्याचाच आहे, म्हणून मला वाढीदिढी आवडतो. शिवाय हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांत) सोनं, चांदी, गहू, जव, खजूर, मीठ या सहा जिनसा सारख्याला सारखी आणि हातोहात बदला असं आहे, म्हणजे उधारी नसली, नुसतं गव्हाला जास्त गहू घेतला तरी रिबा. व्याज शब्दात हे कुठे मावतं?

शुद्धमराठी: वाढीदिढी आजच्या पोरांना कळणार का? ग्राम्य वाटतो.

देवासकर: ग्राम्य म्हणे! गहू काय एमजी रोडवर पिकतो?

रिटायर्ड_बँकवाला: शब्द राहू द्या, वाक्यातला नफ्याचा वाटा बघा. मुदारबा या भागीदारीत एकाचं भांडवल, दुसऱ्याची मेहनत. नफा ठरल्या वाट्याने, तोटा झाला तर पैसेवाल्याचा, दुसऱ्याची मेहनत फुकट (त्याने हयगय केली तर गोष्ट वेगळी). मुशारकात दोघांचे पैसे, तोटा ज्याच्या त्याच्या भांडवलाप्रमाणे. आणि मध्यवर्ती बँकेचे हात बांधलेत असा सूर लावू नका, मलेशियात १९९४ पासून इस्लामिक आंतरबँक बाजार (बँकांची आपसातली पैशाची देवघेव) चालू आहे, तिथून रोकड कमीजास्त करता येते. सगळ्याला 'बिनव्याजी' चिकटवलंत तर पोरांना वाटेल पैसा फुकट मिळतो. मुराबहात बँक माल घेऊन नफा चढवून विकते, फुकट काही नाही.

अनुवादू (इंदूर): पुढच्या पानावर जकात, म्हणजे इस्लाममधलं सक्तीचं दान आहे, निसाबच्या (ठरलेल्या किमान मर्यादेच्या) वरची संपत्ती वर्षभर राहिली की अडीच टक्के. म्हणून पैसा दाबून ठेवण्यापेक्षा धंद्यात घालतात असा मुद्दा आहे.

छप्पनवाला: मेलास! महाराष्ट्रातला पोरगा जकात वाचून नाक्यावर ट्रक उभे करेल.

मीनाताई_रामबाग: मग झकात लिहा.

शुद्धमराठी: झकात मराठी नाही.

देवासकर: आणि जकात काय पाणिनीने दिला?